समुद्रसेवेची नोंद आणि पदवीचे श्रेयांक

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न वारंवार कानी येतो. ‘गावाकडे कॉलेजची दोन वर्षे झाली होती, तिसरे राहिले. आता इथे बसून, नोकरी सांभाळून पदवी पुरी करता येईल का? आणि झालेली दोन वर्षे धरतील का?’ प्रश्न वरवर प्रवेशाचा आणि फीचा दिसतो. वस्तुतः तो प्रशासनाचा आहे आणि त्याला बराच जुना इतिहास आहे. एका संस्थेने केलेल्या नोंदीवर दुसऱ्या संस्थेने किती विश्वास ठेवावा, आणि तो ठेवला नाही तर त्याची किंमत कोणी मोजावी, असा तो प्रश्न आहे. ऑनलाइन पदवी स्वस्तात पुरी करण्याचे नियोजन म्हणतात ते बव्हंशी याच किमतीचा हिशेब असतो.

या विषयाचा विचार करायला कोलकात्याचे खिदिरपूर ही जागा मला सोयीची वाटते. कोलकाता पोर्ट ट्रस्ट १८७० साली स्थापन झाला आणि खिदिरपूरची गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. पुढची अनेक दशके या गोदीतून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत सिलहटकडची माणसे मोठ्या संख्येने असत, आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर आपल्या रत्नागिरीची. दोन्हीकडच्या खलाशांच्या पेटीत एक वस्तू समान असे, ती म्हणजे नोकरीच्या नोंदीचे पुस्तक. आज त्याला सीडीसी म्हणतात. खलाशी कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या तारखेला चढला आणि कोणत्या तारखेला उतरला, एवढे त्यात लिहिलेले असते. या तारखांतून समुद्रसेवेचे दिवस मोजले जातात, आणि पुढच्या दर्जाच्या परीक्षेला बसण्याची पात्रता त्या दिवसांवर ठरते. बोट एका कंपनीची असो वा दुसऱ्या, तिच्यावर पनामाचा ध्वज असो वा लायबेरियाचा, दिवस हा दिवसच राहतो. अधिकाऱ्याने दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली नोकरी धरली तर त्या देशाची मान्यता-नोंद घ्यावी लागते हे खरे, पण समुद्रावर काढलेले दिवस पुन्हा काढावे लागत नाहीत.

ही व्यवस्था सज्जनतेतून निर्माण झालेली नाही. एके काळी खिदिरपूरच्या धक्क्यावर घाट-सारंग नावाचा दलाल भरती करीत असे आणि प्रत्येक नोकरीमागे आपला वाटा घेत असे. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात खलाशांच्या भरतीतील लाचखोरीची चर्चा आहे. नोंदीचे पुस्तक आले, सरकारी शिपिंग मास्टरची कचेरी आली, आणि पुष्कळ पुढे १९७८ मध्ये नाविकांच्या प्रशिक्षणाचा व प्रमाणपत्रांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९५ च्या दुरुस्तीनंतर तर कोणत्या देशांनी करार पूर्णपणे अमलात आणला आहे याची यादीच प्रसिद्ध होऊ लागली. मोजण्याचे समान एकक, कामगाराच्या हाती राहणारी नोंद, आणि ती नोंद मानण्याचे बंधन, या तीन गोष्टी जमायला या धंद्याला पाऊण शतक तरी लागले. विद्यापीठांना पहिल्या दोन मिळवायला त्याहून अधिक काळ लागला. तिसरी अजून मिळालेली नाही.

याच खिदिरपुरात मायकेल मधुसूदन दत्तांचे बालपण गेले. ते हिंदू कॉलेजात शिकत होते. १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते कॉलेज त्यांना बंद झाले, कारण तेथे केवळ हिंदू विद्यार्थ्यांना प्रवेश होता. नंतर ते हुगळीपलीकडच्या बिशप्स कॉलेजात गेले, तेही पुरे झाले नाही, आणि १८४८ मध्ये ते मद्रासला निघून गेले. त्या काळी विद्यापीठच नव्हते, म्हणून कोणती पदवी हुकली असे म्हणता येणार नाही. पण संस्था बदलावी लागलेल्या विद्यार्थ्याच्या गाठीशी मागच्या संस्थेचे काय उरते, हा प्रश्न विद्यापीठाच्या आधीपासून या गल्लीत वस्तीला होता, असे म्हणायला हरकत नाही.

विद्यापीठे १८५७ मध्ये आली. कोलकाता जानेवारीत, मुंबई जुलैत, मद्रास सप्टेंबरात. तिन्हींपुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता: शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. कोलकात्याची पहिली बी. ए. परीक्षा १८५८ मध्ये झाली. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघेच उत्तीर्ण झाले, तेही सवलतीचे गुण देऊन. बंकिमचंद्र लगेचच डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. पदवी आणि सरकारी नोकरी यांची गाठ इतक्या आरंभी बांधली गेली, ती अद्याप सुटलेली नाही.

गंमत अशी की, ज्या वर्षी कोलकात्यात पहिले दोन पदवीधर निघाले त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने आपला नियम सैल केला. १८५८ च्या नव्या सनदेनुसार विशिष्ट महाविद्यालयात शिकल्याची अट जवळपास सर्व पदव्यांसाठी निघाली आणि जगात कोठेही बसून अभ्यास करणाऱ्याला परीक्षा खुली झाली. आपण मात्र लंडनचा जुना नमुना उचलला आणि तोच घट्ट धरून ठेवला. संलग्न महाविद्यालयात हजेरी, तेथे भरलेल्या टर्म्स, मग परीक्षा. खासगी उमेदवाराची वाट होती, पण ती अपवाद म्हणून. महाराष्ट्रात शिकलेल्या वाचकांना ‘टर्म मंजूर होणे’ आणि ‘एटीकेटी’ हे शब्द परिचित आहेत. एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय बरोबर घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची परवानगी. श्रेयांकाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ आपली जुनी पद्धत पोहोचली ती एवढीच, आणि तीही त्याच विद्यापीठाच्या कुंपणात. एरवी मोजण्याचे एकक एक संपूर्ण वर्ष होते. वर्ष पास झाले तर आहे, नाही तर नाही. आणि वर्षसुद्धा विद्यापीठाच्या सीमेवर बाद होत असे.

परस्पर मान्यतेची गरज कोणाला जाणवली नव्हती असे नाही. १९२४ च्या सिमल्यातील परिषदेनंतर १९२५ मध्ये आंतर-विद्यापीठ मंडळ स्थापन झाले. १९७३ पासून त्याचे नाव भारतीय विद्यापीठ संघ असे आहे. एकमेकांच्या पदव्यांना मान्यता मिळवून देणे हा त्याच्या प्रमुख उद्देशांपैकी एक होता. परंतु ही मान्यता पूर्ण झालेल्या पदवीची होती. अपुऱ्या शिक्षणाला स्थानांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि समकक्षता प्रमाणपत्र असे तीन कागद मिळत, आणि तिन्ही कागद दाखवूनही समोरच्या अभ्यासमंडळाचे मन वळले नाही तर विद्यार्थी पुन्हा पहिल्या वर्षात बसे.

पदवी पूर्ण होऊनही ती बाहेर न चालण्याचा अनुभव बंगाल आणि महाराष्ट्र या दोघांनाही आहे. वंगभंगाच्या चळवळीत १९०६ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य म्हणून बडोद्याची नोकरी सोडून अरविंद घोष आले. तेथे शिकलेल्यांना सरकारी कचेरीचे दार उघडत नव्हते. त्या परिषदेच्या कार्यातून उभे राहिलेले जादवपूर विद्यापीठ कायद्याने अस्तित्वात यायला १९५५ साल उजाडले. इकडे धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिकवायचे, स्त्रियांच्या गरजेचे विषय घ्यायचे, सरकारी मान्यतेवाचून चालवायचे. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. एवढे सुरेख नाव क्वचितच एखाद्या पदवीला मिळाले असेल. पण ती पदवी घेतलेल्या स्त्रीला दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकायचे म्हटले की अडचण येई. १९५१ मध्ये त्या विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तोवर त्या अमान्यतेचा खर्च शिकणाऱ्या स्त्रियांनीच सोसला, आणि तो कोणत्याही सरकारी हिशेबात दिसत नाही.

आता श्रेयांक हे एकक आले कोठून, ते सांगितले पाहिजे. त्याचा उगम शिक्षणशास्त्रात नसून निवृत्तिवेतनात आहे, हे वाचून आमच्या खात्यातील मंडळींना आनंद होईल. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर ‘महाविद्यालय’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवणे आले. कार्नेगी प्रतिष्ठानने ठरवले की, जी संस्था प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची किमान १४ एकके मागते ती महाविद्यालय. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. निवृत्तिवेतन हवे असल्याने संस्थांनी हे माप झपाट्याने स्वीकारले. तोच तासांचा हिशेब पुढे महाविद्यालयांतही रुळला आणि एका संस्थेत केलेले काम दुसऱ्या संस्थेला आकड्यात सांगता येऊ लागले. युरोपने आपली श्रेयांक-हस्तांतरण पद्धती १९८९ मध्ये, इरॅस्मस योजनेच्या पोटात सुरू केली. विद्यार्थी वर्षभर दुसऱ्या देशात जाणार असेल तर ते वर्ष बुडता कामा नये, एवढाच साधा हेतू होता. दोन्हीकडे मापामागे पैसा किंवा करार उभा होता. माप नुसते ठरवून चालत नाही.

भारतात श्रेयांक प्रथम मुक्त विद्यापीठांनी व्यापक प्रमाणावर रुजवला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला होता, आंध्रात १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इग्नू आले. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तासांचे अध्ययन, असे इग्नूने ठरवले. यात वर्गातील बाकावर बसण्याचे तास नव्हते, अध्ययनाचे होते, हा फरक लहान नाही. तिचा जुना पदवी कार्यक्रम ९६ श्रेयांकांचा होता आणि तो पुरा करायला सहा वर्षांपर्यंत मुभा होती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर इग्नूचेही झाले. ‘श्रेयांक’ हा शब्द मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडी रुजला तो मुख्यतः नाशिकच्या पुस्तकांमुळे. पश्चिम बंगालमध्ये नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठाचा कायदा १९९७ चा.

मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीला चालते की नाही, हा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला जाई. केंद्र सरकारने १९९५ च्या अधिसूचनेने आणि पुन्हा २०१५ च्या अधिसूचनेने त्याचे उत्तर दिले: योग्य त्या मान्यतेने दिलेली दूरस्थ पदवी केंद्रीय नोकरीसाठी आपोआप मान्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची ठरली. त्याच विनियमांतील एक तरतूद परप्रांतीय मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र ही सीमा नाही. म्हणजे खिदिरपुरात बसून महाराष्ट्रातील विद्यापीठाची पदवी घ्यायची तर ती ऑनलाइन पद्धतीची आणि आयोगाच्या त्या वर्षीच्या यादीतली असली पाहिजे.

२०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली, अर्थात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. हे आपले सीडीसी. खाते विद्यार्थ्याचे, नोंद संस्थेची. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला कागद बँक घेत नाही, संस्थेने चढवलेलेच श्रेयांक जमा होतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची, आणि एकदा पदवीसाठी वापरले की ते खात्यातून वजा. दोन अटी निर्णायक आहेत. पहिली: शैक्षणिक वर्ष २०२१-२२ पासून पुढे घेतलेल्या अभ्यासक्रमांचेच श्रेयांक या बँकेतून हस्तांतरित होतात. दुसरी: पदवीचे किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवलेले असले पाहिजेत.

या दोन अटींचा अर्थ एका घरात स्पष्ट दिसतो. आमच्या कार्यालयातील एक तरुण सहकारी सांगली जिल्ह्यातला. २०१४ ते २०१६ अशी वाणिज्य शाखेची दोन वर्षे करून, बारावीच्या पात्रतेवर मिळालेली केंद्रीय नोकरी धरून तो इकडे आला. पदवीधर पातळीच्या भरतीला बसायचे तर पदवी हवी, आणि वयोमर्यादा जवळ येत चाललेली. त्याच्या पत्नीने एका स्वायत्त महाविद्यालयात २०२३ ते २०२५ अशी दोन वर्षे नव्या धोरणाखाली पूर्ण केली आणि लग्नानंतर ती खिदिरपूरला आली. शिक्षण दोघांचेही दोन वर्षांचे. तिच्या खात्यात ८० श्रेयांक आहेत, त्याच्या खात्यात शून्य.

तिचा हिशेब आधी पाहू. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची. मूळ विद्यापीठात तिला सोयीचा ऑनलाइन मार्ग असता तर ४० श्रेयांक उरले असते. तो नव्हता. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर किमान ६० श्रेयांक तिथे मिळवायचे, म्हणजे तिच्या ८० पैकी फार तर ६० कामी येणार आणि २० तरी वाया जाणार. अर्थशास्त्राच्या भाषेत, नव्या विद्यापीठाचा दर श्रेयांकामागील खर्च जुन्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी असेल तरच हा मार्ग फीपुरता स्वस्त ठरतो. ‘आमच्याकडे ५० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वीकारतो’ ही जाहिरात या बाबतीत फसवी असते, कारण स्वस्त काय ते स्वीकारलेल्या श्रेयांकांच्या टक्केवारीवरून कळत नाही. उरलेल्या श्रेयांकांच्या एकूण खर्चावरून कळते.

त्यातही सर्व श्रेयांक सारखे नसतात. पर्यावरण, इंग्रजी, भारतीय भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम हे सहसा सहज जुळतात. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यात आधुनिक भारतीय भाषेला जागा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात घेतलेला मराठीचा पेपर बाहेरच्या विद्यापीठातही त्या रकान्यात बसायला तत्त्वतः अडचण नाही. विद्यार्थी संकोचाने तो पेपर अर्जात लिहीतच नाहीत, तो अवश्य लिहावा. अडते ते मुख्य विषयात. एका ठिकाणी ‘सूक्ष्म अर्थशास्त्र’ चार श्रेयांकांचे, दुसरीकडे तोच मजकूर सहा श्रेयांकांत दोन पेपर करून विभागलेला. अशा वेळी निकालपत्र पुरत नाही, त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रम लागतो. गाव सोडण्यापूर्वी महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाची प्रत, निकालपत्रे आणि स्थानांतर प्रमाणपत्र घेऊन ठेवणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. नंतर त्याच कागदांसाठी हावड्याहून दीड दिवसाचा रेल्वे प्रवास, तेवढाच परतीचा, आणि आठवड्याची रजा पडते. तो खर्च कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

स्वयम् या सरकारी मंचावरील अभ्यासक्रम २०१७ पासून उपलब्ध आहेत. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून घेण्याची मुभा होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर गेली. शिकणे विनामूल्य, परीक्षेचे शुल्क तेवढे द्यावे लागते. खर्च कमी करण्याचे याहून चांगले साधन मला दिसत नाही. पण येथेही स्वतःच्या विद्यापीठाच्या विद्वत्सभेने तो विशिष्ट अभ्यासक्रम मान्य केला असला पाहिजे. आधी परीक्षा देऊन मग मान्यता मागणाऱ्यांची निराशा होते.

पतीचे प्रकरण वेगळे. त्याची दोन वर्षे बँकेच्या जन्मापूर्वीची. इग्नूसारख्या संस्थांनी अन्यत्र अपूर्ण राहिलेल्या शिक्षणाचे श्रेयांक अर्ज घेऊन, पारखून, शुल्क आकारून धरण्याची तरतूद बँकेच्या पुष्कळ आधी केली होती, पण तशी तरतूद प्रत्येक संस्थेत, प्रत्येक कार्यक्रमाला असतेच असे नाही. त्याने एका विद्यापीठाकडे समकक्षतेसाठी अर्ज केला. अर्ज या कक्षातून त्या कक्षात अकरा महिने फिरला आणि शेवटी ‘अभ्यासक्रम जुळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. कोणता पेपर जुळत नाही, किती जुळतो, काहीच नाही. आमच्या खात्यात करदात्याचा अर्ज अशा एका ओळीने फेटाळला तर अपिलात तो आदेश टिकत नाही. सकारण आदेश हवा, हे प्रशासनातले पहिले सूत्र; विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या बाबतीत ते का लागू नसावे, हे मला समजलेले नाही.

विद्यापीठांची बाजूही पाहिली पाहिजे, कारण त्यांचा संशय निराधार नाही. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. फेब्रुवारी २००५ मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो आधारच रद्द केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर त्याच न्यायालयाने कठोर निर्णय दिला, आणि वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या माणसांच्या पदव्या संकटात सापडल्या. अशा वातावरणात दुसऱ्याचे नाणे पारखून घेणारा कुलसचिव चुकतो असे मी म्हणणार नाही. परंतु पारखण्याचा खर्च आणि नाकारण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या रचनेत नाकारणाऱ्या विद्यापीठाला नाकारण्याचा काहीही खर्च येत नाही, उलट विद्यार्थ्याने तोच पेपर पुन्हा घेतला तर फी मिळते. स्वीकारणाऱ्याला मात्र जोखीम येते आणि फी कमी होते. प्रोत्साहनांची मांडणीच अशी असेल तर बँक कितीही उत्तम चालवली तरी खात्यातील श्रेयांक तेथेच पडून राहतील. सीडीसीतील दिवस नाकारायचे झाले तर बंदर-प्रशासनाला कारण द्यावे लागते, आणि करार मोडला तर त्या देशाच्या सर्वच नाविकांची प्रमाणपत्रे शंकास्पद ठरतात. विद्यापीठांवर असे बंधन घालायचे असेल तर मोठा कायदा लागणार नाही. प्रवेशशुल्क घेण्यापूर्वी, ठरावीक दिवसांत, पेपरवार सकारण निर्णय लेखी द्यावा आणि नाकारलेल्या श्रेयांकांची वार्षिक संख्या प्रसिद्ध करावी, एवढा एक विनियम पुरेसा होईल.

तोवर विद्यार्थ्याने हिशेब उलट्या दिशेने करावा, असा माझा सल्ला असतो. आपल्याकडे काय आहे येथून निघू नये, पदवी कोण देणार येथून निघावे. ते विद्यापीठ त्या सत्रासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, तो विशिष्ट कार्यक्रम आहे का, आपल्या श्रेयांकांपैकी किती धरले हे फी भरण्यापूर्वी लेखी देईल का, एवढे विचारावे. प्रवेशासाठी आता श्रेयांक बँकेचा क्रमांक आणि त्यावरून मिळणारा डीईबी क्रमांक लागतो, ते आधी काढून ठेवावेत. सरकारी कर्मचाऱ्याने कार्यालयाला लेखी कळवून परवानगी घ्यावी, म्हणजे पुढे सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना अडचण येत नाही. आणि गेलेल्या वर्षांविषयी मन कठोर करावे. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात तो निर्णयात धरायचा नसतो. जुनी दोन वर्षे वाचवण्याच्या खटपटीत नवे एक वर्ष गेले, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

खिदिरपूरच्या त्या घरात शेवटी असे ठरले. पत्नीला एका विद्यापीठाने ८० पैकी ५६ श्रेयांक धरल्याचे पेपरवार पत्र दिले. नाकारलेल्या २४ मध्ये मुख्य विषयाचे चार पेपर होते, मराठीचा पेपर मान्य झाला. उरलेले ६४ श्रेयांक ती जानेवारी २०२६ च्या सत्रापासून करणार, त्यांतले दोन अभ्यासक्रम स्वयम् वरून. पतीने समकक्षतेचा नाद सोडला आणि त्याच सत्रात एका मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासून नाव घातले. सगळे वेळेवर पार पडले तर ती २०२७ मध्ये पदवीधर होईल आणि तो २०२८ च्या अखेरीस. भरतीच्या वयोमर्यादेत त्याला त्यानंतर जेमतेम एक संधी उरते.